काकवी, आगळ आणि लोणचे विमानाने नेताना: बाटली भरण्यापासून बॅग उघडेपर्यंत

संकेश्वर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात गुऱ्हाळे सुरू झाली की बेळगावातल्या अनेक घरांत काकवीचे डबे येऊन पडतात. उन्हाळ्यात खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातली कोकमे येतात आणि त्यांचे आगळ, म्हणजे खारवलेला दाट रस, होते. त्याच सुमारास लोणच्याच्या कैऱ्या फोडल्या जातात. यातला एक वाटा घरापासून दूर राहणाऱ्या मुलांचा, सुनांचा, जावयांचा असतो. पूर्वी तो रेल्वेने किंवा रात्रीच्या बसने जात असे. आता तो बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावरून बेंगळूर, हैदराबाद, मुंबई, दिल्लीकडे जातो, नाहीतर चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळावरून पुढे परदेशी जातो. प्रवासाचे साधन बदलले तरी बाटल्या बांधण्याची आपली रीत मात्र बसच्या टपावर सामान टाकण्याच्या काळातलीच राहिली आहे, आणि सांडलवंड होते ती त्यामुळेच.

काही वर्षांपूर्वी माझी लेक दिल्लीला निघाली, तेव्हा मी तिच्या बॅगेत काकवीची एक जाड काचेची बाटली दिली होती. झाकण इतके घट्ट लावले होते की ते उघडायला दोघांची ताकद लागली असती. ती पोहोचली तेव्हा बाटली फुटलेली नव्हती, झाकणही जागेवर होते, तरीही बाटलीतली जवळजवळ तिसरा हिस्सा काकवी बाहेर येऊन तिच्या दोन रेशमी साड्यांच्या घडीत मुरली होती. न फुटता, न उघडता काकवी बाहेर कशी आली, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे कळले आणि त्यानंतर दर वर्षी बाटल्या बांधताना जे पक्के होत गेले, ते येथे क्रमाने मांडते.

गळतीचे खरे कारण

विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात हवेचा दाब नसतो, असे अनेकांना वाटते. प्रवासी विमानात तो कक्षही प्रवासी बसतात त्या भागाप्रमाणेच दाबाखाली ठेवलेला असतो. मात्र हा दाब जमिनीवरच्या दाबाइतका नसतो. उंचावरून उडताना केबिनमधला दाब कमी होतो, आणि तो जास्तीत जास्त सुमारे २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका कमी होऊ दिला जातो. बेळगाव स्वतः समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येथे बंद केलेल्या बाटलीतली हवा त्या कमी दाबात पसरू पाहते, आणि ती साधारण पाव हिश्श्याने वाढू शकते. बाटलीत काकवीच्या वर १०० मिलिलिटर हवा राहिली असेल, तर तिला १२३ मिलिलिटरच्या आसपास जागा हवी असते. काच ताणत नाही, काकवी दबत नाही. मग हवेला एकच वाट उरते, ती झाकणाच्या आट्यांमधून. बाटली आडवी किंवा उलटी पडलेली असेल, तर झाकणापाशी हवेऐवजी काकवी असते, आणि आतली हवा मागून रेटा देत काकवीलाच बाहेर ढकलते. विमान उतरताना दाब पुन्हा वाढतो, बाहेरची हवा आत शिरते, आणि पुढच्या उड्डाणात तोच प्रकार पुन्हा घडतो. बेंगळूरला विमान बदलणाऱ्याच्या बॅगेत हे दोनदा घडते.

दाबणीच्या झाकणाचे स्टीलचे डबे विमानात का उघडतात, तेही यातून समजते. १० सेंटिमीटर व्यासाचे झाकण असलेला डबा खरोखर हवाबंद असेल, तर वर सांगितलेल्या फरकाने त्या झाकणावर आतून सुमारे १३-१४ किलो वजनाइतका रेटा पडू शकतो. लोणच्याचा डबा घरी कितीही घट्ट बसला, तरी हा रेटा सोसण्यासाठी तो बनवलेलाच नसतो.

म्हणून झाकण अधिक आवळणे हा उपाय नव्हे. बाटलीत हवा कमी ठेवणे, उरलेल्या हवेला पसरायला जागा देणे, आणि तरीही काही बाहेर आलेच तर ते बाटलीभोवतीच अडवणे, या तीन गोष्टींसाठी सगळी मेहनत करायची असते.

पहिली पायरी: काय न्यायचे ते वजनावरून आणि स्वभावावरून ठरवावे

देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्यांच्या साध्या तिकिटावर १५ किलो सामान चेक-इनमध्ये आणि ७ किलो केबिनमध्ये नेता येते. काकवी आणि मध हे पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असतात. एक लिटर काकवी सुमारे १.४ किलो भरते. अर्धा लिटर काकवी काचेच्या बाटलीत भरली, तर बाटलीसह ती एक किलोच्या घरात जाते, आणि तीच प्लास्टिकच्या बाटलीत पाऊण किलोच्या आत राहते. तूप आणि तेल पाण्यापेक्षा हलके असतात. चार बाटल्या ठेवल्यावर कपड्यांना किती किलो उरतात, याचा हिशेब घरीच वजनकाट्यावर करावा. विमानतळावरच्या रांगेत बॅग उघडून बाटल्या इकडून तिकडे हलवल्या, की आदल्या रात्रीची सगळी बांधणी वाया जाते.

पदार्थाचा स्वभाव वजनापेक्षा महत्त्वाचा आहे. मुरलेले, जुने लोणचे प्रवासाला चांगले. नुकतेच घातलेले लोणचे मात्र पहिले काही आठवडे पाणी सोडत असते, कधी कधी त्यात बुडबुडेही येतात. ते घरीच मुरू द्यावे आणि मागच्या वर्षीचे द्यावे. मीठ भरपूर घातलेले आगळ बरेच दिवस स्थिर राहते, पण साखर घालून केलेले पातळ कोकम सरबत आंबू शकते. काकवीचेही तसेच आहे. गूळ पाडण्यासाठी रस ११६ ते ११८ अंश सेल्सिअसपर्यंत आटवतात, आणि काकवी त्याआधीच, १०५ अंशांच्या आसपास उतरवतात. ती जरा लवकर उतरवली गेली तर पातळ राहते, आणि पातळ काकवी उबेत आंबते. आंबणारा पदार्थ वायू तयार करतो, आणि हा वायू विमानाच्या दाबातील फरकापेक्षा कितीतरी घातक असतो. दाबातील फरकाने झिरपणे होते, फार तर दाबणीचे झाकण उघडते. बाटली फुगून फुटण्याचे प्रसंग बहुधा आंबण्यामुळे येतात.

आंबण्याची परीक्षा सोपी आहे आणि मी ती कधीही चुकवत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी त्याच काकवीचा किंवा सरबताचा थोडा भाग शीतपेयाच्या धुऊन वाळवलेल्या छोट्या बाटलीत निम्म्यापर्यंत भरावा, बाटली दाबून आतली हवा काढावी आणि दबलेल्या अवस्थेतच झाकण लावावे. ती बाटली स्वयंपाकघरात ओट्याच्या उबदार कोपऱ्यात तीन-चार दिवस ठेवावी. दबलेली बाजू जशीच्या तशी राहिली तर पदार्थ स्थिर आहे. बाटली पुन्हा फुगून गोल आणि कडक झाली, तर आत वायू तयार होतो आहे, आणि ती काकवी किंवा ते सरबत बॅगेत ठेवू नये. पातळ काकवी पुन्हा आटवून घट्ट करता येते. सरबत घरच्यांनी पिऊन टाकावे.

हीच कसोटी घरी केलेल्या बिअरला लागू पडते. ज्या देशांत घरगुती बिअर कायद्याने चालते, तेथून येणारे आपले नातेवाईक कौतुकाने एखादी बाटली आणतात, म्हणून त्याविषयी थोडे लिहिते. बाटलीतले यीस्ट जिवंत असते. साखर पूर्ण संपण्याआधी बाटली बंद झाली असेल, तर उबेत ते यीस्ट आणखी वायू करते. आंबणे पूर्ण झालेली, काही दिवस थंड ठेवलेली बाटलीच न्यावी. २४ टक्क्यांपेक्षा कमी मद्यार्क असलेल्या पेयांवर विमान प्रवासाच्या धोकादायक वस्तूंच्या नियमांत प्रमाणाचे बंधन नाही. २४ ते ७० टक्क्यांच्या मद्याला प्रवाशामागे ५ लिटरची मर्यादा आहे आणि ते दुकानातल्या मूळ बंद बाटलीतच असावे लागते. भारतात येताना सीमाशुल्काविना दोन लिटरपर्यंत मद्य आणता येते, आणि त्यात बिअरही मोजली जाते. इकडे मात्र परिस्थिती वेगळी आहे. कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ प्रमाणे परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे आपल्या भागात घरी गाळून ते बाहेर पाठवण्याचा प्रश्नच येत नाही. गोव्याहून फेणी नेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे, की घरगुती फेणी पाण्याच्या बाटलीत ओतून नेली तर ती मूळ बंद बाटलीच्या अटीत बसत नाही, आणि गुजरात किंवा बिहारसारख्या दारूबंदीच्या राज्यात ती नेणे कायद्याच्या विरुद्ध आहे.

दुसरी पायरी: भांडे निवडावे

काकवी आणि आगळ यांसाठी मी आता शीतपेयाच्या जातीची जाड प्लास्टिक बाटली वापरते. पाण्याच्या साध्या बाटलीपेक्षा ती बरीच मजबूत असते, कारण सोड्याच्या वायूचा दाब सोसण्यासाठीच ती बनवलेली असते; तो दाब विमानातल्या फरकाच्या कित्येक पट असतो. शिवाय ती दाबता येते, आणि पुढच्या पायरीचा सगळा भर त्यावरच आहे. काच दिसायला शोभिवंत, स्वच्छ आणि वासरहित असते, हे मान्य आहे. परंतु बॅग पट्ट्यावर आपटली की काचेच्या मानेशी तडा जातो, आणि काकवीत मिसळलेला काचेचा चुरा काढता येत नाही. ज्यांना काचच हवी असेल, त्यांनी पत्र्याचे आट्यांचे झाकण आणि आतून रबरी थर असलेल्या लहान बरण्या घ्याव्यात.

तुपासाठी आणि लोणच्यासाठी रुंद तोंडाची, आट्यांच्या झाकणाची जाड प्लास्टिक बरणी योग्य. खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेलीच बरणी घ्यावी; रंगाचे किंवा तेलाचे रिकामे डबे धुऊन वापरू नयेत. चिनीमातीची बरणी आणि तोंडाला बांधलेले फडके ही घरातल्या फळीवरची शोभा आहे. तिला प्रवासाला काढू नये. एक लिटरच्या एका बाटलीपेक्षा पाव लिटरच्या चार बाटल्या बऱ्या, कारण एक गळाली तरी तीन शाबूत राहतात.

नवी बाटली असो वा जुनी, तिची परीक्षा पाण्याने घ्यावी. बाटलीत पाणी भरून, झाकण लावून, कोरडी पुसून ती वर्तमानपत्रावर रात्रभर उलटी ठेवावी. मग ती हाताने जोरात दाबून झाकणाशी ओल दिसते का ते पाहावे. कागदावर ओलीचे कडे उमटले, तर झाकण बदलावे.

तिसरी पायरी: भरणे

बाटली आतून पूर्ण कोरडी असावी. पाण्याचा एक थेंब लोणच्याला बुरशी आणतो आणि काकवीचा वरचा थर पातळ करून आंबवतो. काकवी जरा कोमट करून ओतली की ती सहज वाहते आणि हवेचे बुडबुडे वर येऊन फुटतात. प्लास्टिकच्या बाटलीत कडकडीत गरम काहीही ओतू नये, कारण शीतपेयाच्या बाटलीचे प्लास्टिक सुमारे ७० अंशांना मऊ पडून आक्रसते. ओतल्यावर बाटली तासभर उभी ठेवावी, म्हणजे अडकलेली हवा वर येईल. मग बाटलीच्या बाजू हाताने दाबाव्यात, काकवीची पातळी तोंडाशी येऊ द्यावी, आणि बाटली दबलेली असतानाच झाकण फिरवावे. आता आत हवा जवळजवळ नसते, आणि जी थोडी राहते तिला पसरायला दबलेल्या बाजूंची जागा मिळते. बाटली पुढे थोडी फुगून मूळ आकाराला आली, तरी झाकणावर रेटा पडत नाही. सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवावी.

काचेच्या बरणीत याच्या नेमके उलट करावे लागते. तेथे पदार्थ गरमच भरायचा असतो. बरणी आधी कोमट पाण्याने ऊब देऊन पूर्ण कोरडी करावी, म्हणजे तडकत नाही. काकवी ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवून काठाच्या बोटभर खालपर्यंत भरावी आणि लगेच झाकण लावावे. थंड होताना वरच्या जागेतली वाफ पाणी होते, आत दाब घटतो आणि झाकण मध्यभागी किंचित आत ओढले जाते. बाहेरचा दाब पुढे विमानात कमी झाला, तरी आतला दाब आधीच त्याहून कमी असल्यामुळे झाकण बाहेर ढकलले जात नाही. आगळ आंबट आणि खारट असल्याने त्यालाही ही रीत चालते. मात्र लसूण घातलेला ओला ठेचा, किंवा तेलात बुडवलेली लसूण, अशी हवाबंद करून उबेत ठेवणे धोक्याचे आहे. हवेविना, आंबटपणाविना त्यात घातक जिवाणू वाढू शकतात, आणि वासावरून ते ओळखता येत नाहीत. ठेच्याऐवजी शेंगांची, जवसाची किंवा कारळाची कोरडी चटणी द्यावी.

लोणच्याच्या बाबतीत घरोघरी चुकणारी एक बाब आहे. घरातल्या बरणीत फोडी बुडतील इतके तेल वर असावे लागते, म्हणून आपण तेवढेच तेल बॅगेतही पाठवतो. तेल पातळ असते आणि आट्यांवर चढत जाते. बॅगेवर डाग पडतो तो फोडींचा नव्हे, वरच्या तेलाचा. प्रवासाच्या बरणीत फोडी दाबून भराव्यात, वरचे मोकळे तेल ओतून काढून घ्यावे आणि फोडींना लागलेले तेवढेच राहू द्यावे. पोहोचल्यावर ज्याने त्याने आपल्या घरचे तेल गरम करून, पूर्ण गार करून वर ओतावे. चार-पाच दिवस तेलाविना मुरलेल्या लोणच्याला काही होत नाही.

तूप वितळलेले असताना बरणीत ओतावे आणि झाकण न लावता घट्ट होऊ द्यावे, मगच बंद करावे. ३० ते ३५ अंशांच्या पुढे तूप पुन्हा पातळ होते. एप्रिल-मेमध्ये सांबऱ्याच्या धावपट्टीवर ट्रॉलीत उन्हात उभ्या असलेल्या बॅगेत ते पातळच असणार असे धरून चालावे, आणि घट्ट दिसते म्हणून बांधणीत सूट देऊ नये.

चौथी पायरी: झाकण आणि आवरणे

झाकण लावण्याआधी बाटलीचे तोंड आणि आटे स्वच्छ पुसावेत. काकवीसाठी गरम पाण्यात पिळलेले फडके आणि मग कोरडे फडके पुरते. तेलासाठी साबणाच्या पाण्याचे फडके फिरवून, मग साध्या पाण्याचे फिरवून वाळवावे. आट्यांवर काकवीची एक तार जरी राहिली, तरी तिथून वाट फुटते. आतले प्लास्टिकचे बूच मिळत असेल तर अवश्य बसवावे. नसेल तर स्वच्छ प्लास्टिकचा चौकोनी तुकडा दुहेरी करून तोंडावर ताणून धरावा आणि त्यावरून झाकण फिरवावे. मसाल्याच्या किंवा मधाच्या दुकानात बाटलीच्या तोंडाला फॉइलचे सील लावणारे यंत्र असते. ओळख असेल तर चार बाटल्यांना ते लावून घ्यावे. सीलमुळे विमानतळावर पदार्थावरचा विश्वासही वाढतो, कारण सीलबंद बाटलीकडे तपासणारा कमी शंकेने पाहतो.

नंतर चिकटपट्टी. झाकण ज्या दिशेने आवळते, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, त्याच दिशेने ती गुंडाळावी. उलट दिशेने ओढत गुंडाळली तर झाकण हळूहळू सैल होते. पट्टी अर्धी झाकणावर आणि अर्धी मानेवर येईल अशी तीन-चार वेढे घ्यावी.

यानंतर प्रत्येक बाटली स्वतंत्र जाड प्लास्टिक पिशवीत घालून, हवा काढून, तोंडाला गाठ मारावी, आणि ती पिशवी आणखी एका झिपच्या पिशवीत घालावी. पहिल्या आणि दुसऱ्या पिशवीच्या मध्ये काय ठेवावे, हे पदार्थावर ठरते, आणि याविषयी बरेच गैरसमज आहेत. आगळाभोवती लहान बाळाचा डायपर गुंडाळावा. त्यातले दाणे पाणी धरून ठेवतात. पण ते दाणे तेल शोषत नाहीत आणि काकवीसारखी दाट वस्तू त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. तेलासाठी जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा उत्तम. वर्तमानपत्र आपटण्यापासून वाचवते, पण शोषण्याच्या कामी फारसे पडत नाही, आणि ओले झाले की शाई कपड्यांना लागते. काकवीला शोषून घेईल असे काहीच नाही. तिच्यासाठी एक पिशवी जास्त वापरावी आणि प्रत्येक पिशवी फुंकून, दाबून, भोक नाही याची खात्री करून घ्यावी.

पाचवी पायरी: बॅगेत जागा

बाटल्या बॅगेच्या मधोमध याव्यात, आणि चारही बाजूंनी किमान चार बोटे जाडीचे मऊ कपडे असावेत. टॉवेल, चादर, स्वेटर बाजूंना. साड्या आणि कागदपत्रे या बाटल्यांपासून दूर, शक्य तर वेगळ्या बॅगेत. बाटली उभी राहील अशी आशा धरू नये. पट्ट्यावर, ट्रॉलीत, विमानात बॅग सगळ्या बाजूंनी लोळते. तरी जड बाटल्या चाकांच्या बाजूला ठेवल्या तर बॅग ओढताना त्या इतर सामानावर कोसळत नाहीत. बाटली बाटलीला टेकू देऊ नये. दोहोंच्या मध्ये एक जाड मोजा पुरतो. बेळगावचा कुंदा आणि मांडे याच बॅगेत जाणार असतील, तर कुंद्याचा डबा वर चालेल, पण मांड्यांना हातातच न्यावे. ते दाबले की त्यांचा चुरा होतो.

बॅग बंद करून जमिनीवर उभी, आडवी, उलटी करून हलवावी. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडून पोकळी भरावी.

प्रत्येक पिशवीवर पदार्थाचे नाव, ‘घरगुती’ हा शब्द आणि भरल्याची तारीख इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहावी. बेंगळूर, हैदराबाद किंवा दिल्लीला क्ष-किरण तपासणीत बाटली दिसली आणि बॅग उघडावी लागली, तर ‘काकवी’ हे मराठीत लिहिलेले तेथे सर्वांना वाचता येईलच असे नाही. ‘उसाचा पातळ गूळ’ असा अर्थ कळेल असे लिहावे. पॉवर बँक, सुटी लिथियम बॅटरी, लायटर चेक-इनच्या बॅगेत राहणार नाहीत याची खात्री करावी. या वस्तूंसाठी बॅग उघडली जाते, आणि एकदा उघडली की आपण बांधली तशी ती परत बांधली जात नाही.

केबिनमध्ये काय नेता येत नाही

आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिनच्या सामानात कोणताही द्रव १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्यात चालत नाही, आणि अशी सगळी छोटी भांडी मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावावी लागतात. या हिशेबात काकवी, मध, तूप, लोणचे हे सगळे द्रवच समजले जातात. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी थोडेच आगळ आहे, हा युक्तिवाद चालत नाही. भांड्याचे आकारमान पाहिले जाते. तिखटाची पूड केबिनमध्ये नेऊ नये, ती चेक-इनमध्येच ठेवावी. संकेश्वरी मिरचीचे तिखट नेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात धरावे. सुके खोबरे ज्वलनशील वस्तूंत मोडते आणि ते चेक-इनमध्येही स्वीकारले जात नाही. आपल्याकडे प्रसादाची किंवा ओटीची सुकी वाटी बॅगेत सहज टाकली जाते आणि त्यापायी सगळी बॅग बाजूला काढली जाते. खोबऱ्याचा कीस भाजून चटणीत किंवा करदंटात गेलेला असेल, तर तो वेगळा पदार्थ होतो. (करदंट म्हणजे डिंक, सुका मेवा आणि गूळ यांची वडी.)

घाट उतरताना

मोप्याहून विमान पकडणाऱ्यांसाठी एक बाब खास सांगण्यासारखी आहे. बेळगावात बंद केलेली प्लास्टिकची बाटली चोर्ला घाट उतरून गोव्यात पोहोचली, की तिच्या बाजू आणखी आत गेलेल्या दिसतात, कारण समुद्रसपाटीवर हवेचा दाब जास्त असतो. काही जण बाटली बिघडली असे समजून झाकण उघडतात आणि पुन्हा लावतात. तसे केले की गोव्याची दाट हवा आत शिरते, आणि विमानात ती बेळगावच्या हवेपेक्षा जास्त, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने पसरू पाहते. बाटली आत गेलेली दिसली तर ती तशीच राहू द्यावी. ती आपल्या फायद्याचीच गोष्ट आहे. घाटातल्या वळणांवर बॅग गाडीच्या डिकीत आडवी आणि आवळून ठेवावी, आणि दुपारच्या उन्हात बंद गाडीत ती तासन्‌तास सोडू नये.

दुसऱ्या देशात पोहोचल्यावर

येथे घाई करून चालत नाही, कारण चूक झाली तर पदार्थ जातोच, वर दंडही होऊ शकतो. युरोपीय संघाच्या देशांत आणि ब्रिटनमध्ये भारतातून वैयक्तिक सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे जर्मनीला शिकणाऱ्या मुलासाठी तूप, कुंदा, पेढे हे बॅगेतून काढावेत. काकवी, आगळ आणि लोणचे या बंदीत येत नाहीत. युरोपीय संघात मध दोन किलोपर्यंत चालतो. ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या माहितीत खाण्याची प्रत्येक वस्तू नोंदवावी. नोंदवलेली वस्तू फार तर काढून घेतात, न नोंदवलेल्या वस्तूसाठी मोठा दंड होतो. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेली वस्तू आहे. घरचा कांदा-लसूण मसाला, अनारसे, काही करदंट यांत ती असते, आणि ते करणाऱ्या आजीला किंवा मावशीला विचारल्याशिवाय ते कळत नाही. दुबईला जाणाऱ्याने प्रत्येक मसाला घरात कोणी आणि कशाने केला हे विचारूनच घ्यावा.

घरी पोहोचल्यावर बॅग लगेच उघडावी, कारण गळती झाली असेल तर कपड्यांवरचा डाग तासागणिक पक्का होतो. बाटल्या ताटात उभ्या ठेवाव्यात, बाहेरून पुसाव्यात, आणि फुगलेली दिसेल ती मोरीत धरून, तोंड आपल्यापासून दूर ठेवून, झाकण थोडे थोडे सैल करत उघडावी. काचेच्या बरणीचे झाकण आत ओढलेले असेल, तर ती जशी बंद केली तशीच पोहोचली आहे असे समजावे. झाकण सपाट झाले असेल, तर हवा आत शिरली आहे. अशी काकवी फ्रीजमध्ये ठेवून आधी संपवावी. आगळाचा लालसर डाग ताजा असताना गार पाण्याखाली धरावा, गरम पाणी लावू नये. हळदीच्या तेलाचा डाग साबणाने आधी जास्तच लाल होतो, पण धुऊन उन्हात वाळवला की बहुतेक उडून जातो. लेकीच्या त्या दोन साड्यांतली एक मी काकवी पूर्ण विरघळेपर्यंत कोमट पाण्यात तीनदा बुडवून वाचवली होती. दुसरीचा रंग पाण्यातच उतरला.